परदेशची मिरची

बमरोली, सुरत
ता. १७ मे १९९८

चि. भटूस आक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. तुझ्या दाजींची लूमवर रातपाळी चालू आहे. उज्ज्वलावहिनीचा गुडघा बरा आहे ना?

तुझं पत्र मिळालं. म्हणे, "अजून थोडी कळ काढ, मलेशियाचा माल निघाला की भाव येईल." अरे बाबा, किती कळ काढू? फेब्रुवारीत 'आठ दिवसांसाठी' म्हणून मिरचीची पोती माझ्या एवढ्याशा खोलीत टाकून गेलास. तिकडे मलेशिया-इंडोनेशियात पैशाचं पार मातेरं झालं, तिथले व्यापारी माल उचलेनात, हे छगन दलालाने तुला माझ्यासमोर सांगितलं. तुझं आपलं एकच, "माझा माल परदेशचा, इथल्या मसालेवाल्याला देणार नाही." गावभर तसं सांगूनही बसलास. परदेशासाठी म्हणून देठंसुद्धा खुडून घेतलीस! आता देठाच्या भोकातून बिया गळतात, रंग उतरतो.

दाजी दिवसा झोपतात ते तोंडावर ओला रुमाल टाकून. शेजारीण शिंकता शिंकता शिव्या देते. घरमालक रोज दारात, "मालतीबेन, आ घर छे के गोदाम?" काय सांगू त्याला, माझ्या भावाचं डोकं छे?

तेही सोसलं. पण सून मंदा माहेरी बाळंत झाली, सव्वा महिना कधीच उलटला, तरी तिचे वडील तिला पाठवेनात. म्हणाले, "आधी मिरची बाहेर, मग माझी लेक आत." चुकलं का त्यांचं? कुंदन तर माझ्याशी बोलेना. पोटच्या पोराने अबोला धरला, आणि नातवाचं तोंड मी फोटोत बघितलं रे!

तर ऐक. पोती गेली. मागच्या सोमवारी पर्वत पाटियाच्या मसालेवाल्याला देऊन टाकली, त्याने दिला त्या भावात. तुला विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. पैसे दाजी घेऊन येतील. गावात तुझी मान खाली जाईल, ठाऊक आहे मला. त्याचं वाईट वाटतं, पण केलं ते केलं.

मंदा काल आली. पोरगं आत्ता माझ्या मांडीवर झोपलंय, म्हणून अक्षर असं वाकडं.

उद्या मिरचीला सोन्याचा भाव आला तर मला खुशाल शिव्या घाल. पण पत्रातून नको. इथे ये, नातवाला मांडीवर घे, आणि मग घाल.

तू रागावलास तरी तुझीच,
आक्का