साबणाच्या वडीतला छर्रा

आप्पा, छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र घेतलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, देवानं कान कशाला दिलेत. चितेगावच्या कंपनीत फिटर म्हणून जन्म काढलात आणि घरी येऊन सांगायचात की मशीन बिघडलं की मला गेटवरच ऐकू येतं. आई शेजारच्या खोलीतून काय म्हणते, ते मात्र तुम्हाला कधी ऐकू आलं नाही. तुमच्या त्या कानाचं कौतुक मी शाळेत सांगत फिरायचे. आठवलं की आजही लाज वाटते.

मेंढरं विकून घेतलेल्या प्लॉटवर तुम्ही पत्र्याची शेड ठोकलीत आणि तिच्यात दहा मीटर मोजून रेंज आखलीत. तिथं आता मी एअर रायफल शिकवते. तेव्हा आसपास बाभळी होत्या, आता चारी बाजूंनी सहा मजली इमारती आहेत आणि त्यांच्या बाल्कन्यांतून लोक आमच्या आवाजाबद्दल कुरकुरतात. यंत्राची चौकशी करायला मी गुलमंडीजवळच्या खेळाच्या दुकानात गेले. दुकानदार खोक्यावरचं छापलेलं मलाच वाचून दाखवत होता. वरून म्हणाला, "मॅडम, तुमको इत्ता बारीक नापके क्या करना है?" मी बावीस वर्षं रायफल धरते हे त्याला सांगण्याच्या लायकीचा तो वाटला नाही.

स्वस्तात काय मिळतं तेही ऐका. एकात दोन कमानी असतात, खालून छर्रा गेला की त्या त्याची सावली पकडतात. त्यांना मोकळं आभाळ लागतं. मी एक उसनं आणून पाहिलं, तर आपल्या ट्यूबलाइटखाली ते मनाला येईल तो आकडा दाखवायला लागलं. रडारवाल्याची किंमत ऐकून मी फोन ठेवून दिला. मग एका अतिशहाण्यानं मोबाइलमधलं ॲप सुचवलं. ते बंदुकीचा आवाज ऐकतं, मग निशाण्यावर आदळल्याचा आवाज ऐकतं आणि मधल्या वेळावरून वेग काढतं. म्हणजे तुम्हीच, आणि तेही फुकटात. आपल्या शेडमध्ये आवाज घुमतो, त्यामुळे त्यानं साध्या छर्र्याला विमानाचा वेग दिला. ते पाहून मी खूप दिवसांनी मनापासून हसले. शेवटी नळीच्या तोंडावर बसणारं छोटं यंत्र घेतलं. त्याच्या आत स्वतःचाच उजेड असतो, त्यामुळे बाहेर ऊन असो की ट्यूबलाइट, त्याला फरक पडत नाही.

हे सगळं केलं ते एका मुलीमुळे. ती तुमच्या जुन्या रायफलवर शिकते. जिल्ह्याच्या निवडीत तिचे छर्रे विखुरले आणि ती मला म्हणाली, मॅडम, रायफलच खराब आहे. असं कुणीही म्हटलं की मी लगेच मानत आले आहे. का मानते, ते तुम्हाला माहीत आहे.

टँकरचं ते वर्ष आठवा. रायफलचा जोर बघायची तुमची एक शास्त्रोक्त पद्धत होती. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीत हातभर अंतरावरून छर्रा मारायचा आणि भोकात काडीपेटीची काडी घालून खोली बघायची. काडीवर तुम्ही नखानं खूण करून ठेवलेली. माझ्या पुण्याच्या निवडचाचणीच्या आदल्या दिवशी तुम्ही वडी घेऊन बसता, काडी खुणेपर्यंत जातच नाही, आणि तुम्ही जाहीर करता की स्प्रिंग थकली. आई दारात उभी आहे. ती म्हणते, "आवं, साबण बगा की. पंधरा दिस झालं त्याला पानी लागलं नाय." वडी वाळून दगड झाली होती, आप्पा. घरात धुणं निघालं नव्हतं, मोरी कोरडी होती, आणि एवढ्या मोठ्या फिटरला ते दिसलं नाही. तुम्ही आईकडे पाहिलंही नाही आणि स्प्रिंग बदलून टाकलीत.

पुण्यात माझे छर्रे विखुरले. निवडीच्या यादीतून नाव गेलं. बाकीच्या पोरींचे आईबाप ऐकत असताना तुम्ही म्हणालात, "बंदुकीला काय बी झालं नाय. तू दम सोडला." त्यानंतर मी एकही स्पर्धा खेळले नाही आणि बंदुकीविषयी तुमच्याशी एक शब्दही बोलले नाही. तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाही, शेडचं कसं चाललंय विचारलंत, आणि मी डॉक्टरांकडे बघून बोलले. मला तुमचा राग नव्हता, किळस होती. माणसाला आपली चूक दिसू नये म्हणून पोटची पोर पुढं करता येते, याची.

काल मी ते यंत्र पुण्याला नेलेल्या त्याच रायफलला बसवलं. दहा छर्रे मारले. सेकंदाला एकशे पासष्ट मीटर, मग चौसष्ट, पासष्ट, सहासष्ट. दहाही तसेच. मग तुमच्या डब्यातली जुनी स्प्रिंग काढली. तुम्ही ती तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवली होती. ती घालून दहा मारले. तीही तशीच, एखाददुसऱ्या आकड्याचा फरक. म्हणजे जुनीला काही झालं नव्हतं. तुमचा साबण खोटा, तुमचा कान खोटा, आई खरी. हे वाचायला तुम्ही हवे होतात.

पण तुम्ही घातलेली नवीही तशीच निघाली. इतका सारखा वेग देणारी रायफल छर्रे विखरून टाकत नाही. इतक्या वर्षांनी ती सुधारली असेल असं मी अर्धा तास स्वतःला पटवत बसले. पण वय झाल्यावर शहाणपण येईल अशी काही ती स्प्रिंग नाही, आणि तुम्हीही नव्हतात.

मुलगी आज आली. मी तिला आकडे दाखवले आणि म्हणाले, रायफल ठणठणीत आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पुढचं वाक्य येईल म्हणून. पुण्यातलं तुमचं ते वाक्य मी बोलले नाही. तिला शेजारी बसवलं आणि पुन्हा श्वासापासून सुरुवात केली.

हे कागद त्या फडक्यात, स्प्रिंगबरोबर तुमच्या डब्यात ठेवते. आईलाही दाखवणार नाही. पुण्यात तिसऱ्या छर्र्याला, श्वास धरलेला असताना, मी मान वळवून प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे पाहिलं होतं, तुम्ही बघताय का ते. तुम्ही बघत होतात. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.