खालची ओळ मी वाचते

३ नोव्हेंबर, सोमवार

रिमोट अखेर माझ्या हातात!

शुक्रवारी ह्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डाव्याचा काढायचाय. चित्र दिसतं, पण सिनेमाच्या खाली येणारी अक्षरं म्हणे मुंग्यांसारखी पळतात. मग आपलं कोरियन काहीतरी लावावं ना — कानांना काय झालंय? पण नाही! 'आपल्याकडची रडारड मला नको. परदेशी लाव.' आणि वाचणार कोण? 'तू वाच की.'

एरवी सिनेमा निवडायला ह्यांना पाऊण तास लागतो. यादी वर, यादी खाली. हा पाहिला, ह्यात बाई फार बोलते, ह्याला पैसे पडतात. तोवर माझी एक डुलकी होते. आज मी पहिल्याच चित्रावर बटण दाबलं. डेन्मार्कचं कुठलं तरी जहाज निघालं. बसले गप!

४ नोव्हेंबर

वाचून वाचून घसा बसला. पाणी हवंय का, एवढंही कोणी विचारलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज पाणबुडी. कप्तान लालबुंद होऊन खलाशांवर ओरडत होता. खाली लिहिलं होतं, 'दारं बंद करा.' माझ्या तोंडून निघालं — 'भांडी घासल्याशिवाय कोणी झोपायचं नाही!'

'पाणबुडीत?'

'तिथे माणसं जेवत नाहीत का?'

 सिनेमा संपल्यावर हे उठले आणि सगळ्या वाट्या घासून पालथ्या घातल्या! मी उशीत तोंड खुपसून हसले.

९ नोव्हेंबर, रविवार

आता सिनेमा निवडायची माझी रीत ठरली. ओठ भरपूर हलले पाहिजेत — म्हणजे मला भर घालायला जागा. आज युद्धाचा सांगून इटलीतल्या द्राक्षमळ्याचा लावला.

'युद्ध कुठाय?'

'थांबा, सासू यायचीय अजून.'

शेजारच्या मेंग वहिनींबरोबर किमचीच्या कोबीला मीठ लावत बसले होते तेव्हा हे सगळं सांगितलं. हसता हसता त्यांनी मिठाचं घमेलं कलंडवलं. म्हणाल्या, 'एक दिवस पकडली जाशील गं!'

१० नोव्हेंबर, सोमवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हे एकटेच आत गेले. बाहेर येऊन म्हणाले, 'अक्षरं दिसायला वेळ लागेल.' मी तोंड पाडलं. आतून उड्या!

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज हाव सुटली.

उन्सोल, आमची एकुलती एक, सरकारी नोकरी सोडून बुसानला गेली आणि तिनं कुत्र्यांचे केस कापायचं दुकान काढलं. हे म्हणाले, 'कुत्र्यांची न्हावीण! मला मुलगी नाही.' ती म्हणाली, 'बरं.' दोघं सारखेच! गेल्या उन्हाळ्यापासून बोलणं बंद. मी चोरून फोन करते.

तर आजच्या सिनेमात एक म्हातारा खिडकीशी उभा राहून गाईंबद्दल काहीतरी बोलत होता. मी वाचलं, 'पोरीनं दुकान काढलं. मी बघायलासुद्धा गेलो नाही.'

हे खुर्चीत पुढे सरकले. मग — 'पुढे?'

'पुढे काय? म्हणतो, मी गाढव आहे.'

'असं लिहिलंय?'

'लिहिलंय.'

ह्यांनी संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. तोंडावर कसलंसं हसू. मला वाटलं, जमतंय!

१५ नोव्हेंबर, शनिवार

काय होऊन बसलं!

पोलंडचा सिनेमा. मी चित्रावर बर्फ पाहून निवडला, बाकी काही ठाऊक नाही, आईशप्पथ! शेवटी शेवटी बाप बसमधून उतरतो आणि मुलीच्या दाराशी उभा राहतो. बेल वाजवत नाही. बंद दारालाच म्हणतो — 'तू चुकलीस म्हणून नाही रागावलो. मला न विचारता तुझं चांगलं झालं, म्हणून रागावलो.'

हे मी घातलेलं नाही! शब्द न् शब्द खाली लिहिलेला. 

'पुरे! तुझ्या मनातलं माझ्या कानात घालू नकोस. बंद कर ते!'

'अहो, खरंच लिहिलंय—'

दार आपटून आतल्या खोलीत. इतके दिवस थापा मारल्या तेव्हा संत्रं मिळालं, आज खरं वाचलं तर हे! आता मी उन्सोलचं नाव जरी काढलं, तरी ह्यांना त्यात डावच दिसणार. मेंग वहिनी हसत होत्या, पण मी कसली गोष्ट हसण्यावारी नेली!

१६ नोव्हेंबर

टीव्ही बंद. जेवताना 'मीठ दे' एवढंच. रिमोट ह्यांच्यापुढे ठेवला, तर हातही लावला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी आज मलाही आत बोलावलं. ह्यांना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. हे थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि भडाभडा वाचत सुटले — अगदी खालच्या ओळीपर्यंत! डॉक्टर म्हणाले, 'मागच्या सोमवारीही इथपर्यंत वाचलं होतंत. छान.'

बाहेर येऊन मी जिन्यातच गाठलं. 'म्हणजे शनिवारी... ते तुम्ही स्वतः वाचलंत?'

'वाचलं.'

'मग माझ्यावर का ओरडलात?'

'मग काय, तुझ्यासमोर रडू?'

खाली रस्त्यावर आलो. मग ह्यांनी स्वतःच फोन काढला, नंबर न शोधता लावला. पलीकडून आवाज आला, तर ना हाक, ना कशी आहेस. सरळ विचारलं, 'रविवारी दुकान उघडं असतं का?'