उतरायचा दगड

सोम. ६ जाने. ५८
पत्र आलं. वाडीच्या शाळेवर बाई म्हणून मला घेतलंय. सोमवार ३ फेब्रुवारी, सकाळी अकराच्या ठोक्याला हजर. नाहीतर जागा दुसऱ्या बाईंना. चार वेळा वाचलं. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या नावानं आलेलं पहिलं पत्र, ज्यात कुणाचं बारसं नाही की बारावं नाही.
वाडी नदीच्या वरच्या अंगाला, चार मैल. एस.टी. जात नाही. चालत जाऊन-येऊन घरचं सगळं उरकायचं तर... नाही जमणार.
संध्याकाळी ह्यांना दाखवलं. चष्मा लावून वाचलं, घडी घातली. "अक्षर बरं आहे शाळेच्या सेक्रेटरींचं."
कोपऱ्यात ह्यांची सायकल. मी तिच्याकडे बघितलं. मी बघतेय हे ह्यांनी बघितलं.

बुध. ८
विचारलंच. "अहो, मला सायकल शिकवाल?"
भाकरीचा घास तोंडात तसाच. मग, "लॉऱ्या फार वाढल्यात."
"नदीच्या रस्त्यानं कुठल्या आल्यात लॉऱ्या? तिथे चिटपाखरू नसतं, म्हणून तर तुम्ही कंपनीत त्या रस्त्यानं जाता."
खरंच आहे ते. वीटभट्टीच्या गाड्यांसाठी मुरूम टाकला होता. भट्टी बंद पडली, रस्ता राहिला. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला पाणथळ. कंपनी आमच्या घरापासून खालच्या अंगाला, वाडी वरच्या. मध्ये कुठे चढ नाही, उतार नाही.
"शिकवणं सोपं नसतं," हे म्हणाले. आणि सायकल पुसायला बसले. दोन वर्षं रोज पुसतात. आमच्या लेकीला, कुसुमलासुद्धा लहानपणी इतकं पुसलं नव्हतं.

रवि. १२
पहिला धडा. थंडी मरणाची. नदीवर धुकं, लव्हाळ्यात पाणकोंबड्या. माणूस म्हणून आम्ही दोघंच.
शिकवणं म्हणजे मुख्यतः भाषण. "चाकाकडे बघू नकोस, लांब बघ. हँडलला आपण सांगायचं, हँडलनं आपल्याला नाही. पाय फिरत राहिले की माणूस पडत नाही."
माणूस पडला. तीनदा. एकदा घाणेरीत.
म्हटलं, "एकदा तुम्ही चालवून दाखवा ना." तर म्हणाले, "बघून येत नाही. ज्याचं त्यानं पडावं लागतं." मला फार खोल वाटलं ते.
सीट दगडासारखी टणक. दोन वर्षांत जरासुद्धा मऊ पडलेली नाही, कातड्याला सुरकुती नाही. वस्तू वापरावी तर ह्यांनी.

मंगळ. १४. संक्रांत
सकाळच्या उजेडात पुन्हा प्रयत्न, काळं पातळ नेसून. पदर सांभाळला, निऱ्या गेल्या. साखळीनं अर्धा हात पातळ खाल्लं. हे खाली बसून एकेक दात सोडवत होते, मी सायकलला जखडलेली उभी. तेवढ्यात दूध घेऊन हौसाबाई आली. तिची म्हैस, शेत, गोठा सगळं कंपनीकडच्या रस्त्यालाच.
"वैनी, ह्ये काय ध्यान! ही गोल साडी सायकलीची न्हाई. लुगडं नेसा, कासोटा घाला. आमी दिसभर वाफ्यात उड्या मारतो, अडकलं का कदी?"
वीस वर्षांपूर्वी शिकलेली बाई दिसावं म्हणून नऊवारी सोडलं मी. आता शाळेत शिकवायला जाण्यासाठी परत तेच. ट्रंकेतून आईचं हिरवं लुगडं काढलं. डांबराच्या गोळ्यांचा वास. नेसता येतं अजून! हातांना आठवत होतं, मला नाही.
तिळगूळ देताना हे म्हणाले, "गोड बोल आणि लांब बघ."

रवि. १९
आले! मोठ्या चिंचेपासून भट्टीपर्यंत, कुणी न धरता. मागे वळून बघावंसं वाटलं, पण ते अजून येत नाही.
काय येत नाही त्याची यादी: मागे बघणं. डावीकडे वळणं (फक्त उजवीकडे जमतं). थांबणं. उतरणं.
उतरण्याचं असं की घराजवळच्या वळणावर एक सपाट दगड आहे. त्यावर चढून मी सायकलवर बसते, त्याच्याच शेजारी आणून पाय टेकते. दगड नसेल तिथे मी आजन्म सायकलवर.
"उतरायचं कसं ते सांगा ना."
"हळूहळू येईल," हे म्हणाले. या एकाच विषयावर भाषण नाही.

सोम. २०
सकाळी हे पायाला क्लिप लावून उभे, विजार साखळीत जाऊ नये म्हणून लावतात ती. सायकलला हात न लावता म्हणाले, "आजपासून ती तुझ्याकडेच राहू दे. सराव हवा. मी चालत जाईन."
दोन मैल! या वयात, या गुडघ्यांनी! नको म्हटलं, ऐकलं नाही. गेले. विजारीला क्लिप तशीच, सवयीनं.
ते वळणाआड गेल्यावर मी रडले. माझ्या नोकरीसाठी केवढा त्याग. भांडणात बोललेलं एकेक आठवलं. संध्याकाळी शेंगदाण्याची आमटी केली, पाय शेकायला पाणी तापवलं.

गुरु. २३
एक नवल. चालत जाऊन हे रोजच्यापेक्षा पाव तास लवकर घरी येतात. चारही दिवस. दमलेले नाहीत, उलट तजेलदार.
"त्या रस्त्यावर सायकलनं वेळ लागतो का हो?"
"वारा असतो समोरून."
वारा. जाता-येता दोन्ही वेळा?

शुक्र. २४
हौसाबाईनं दुधाचं माप ओतता ओतता विचारलं, "सायबांच्या सायकलीला बरं न्हाई का?"
"का गं?"
"न्हाई, ह्या आठवड्यात हात हलवत जात्यात. एरवी रोज संगं असती. मी म्हशीला घिऊन निघायची, त्ये सायकलीला घिऊन. मोठ्या चिंचेपातूर जोडीनंच. दोन वरसं झाली."
"घेऊन म्हणजे... बसून?"
"न्हाई वो. हाताला धरून. आमाला वाटलं कंपनीची हाय, वर बसायची परवानगी नसंल."
दूध सांडून गेलं. गेलं तर गेलं.
दोन वर्षं! रोज सकाळी ती क्लिप, ते हवा तपासणं, "निघतो गं" म्हणून घंटी वाजवणं. आणि वळणापलीकडे...
म्हणून नदीचा रस्ता. लॉऱ्या टाळायला नाही, लोक टाळायला.
आधी हसले. पोट दुखेपर्यंत. मग सोमवारच्या रडण्याचा राग आला, मग आमटीचा. दुपारी भांडी घासताना मात्र ते दिसले, चिखलकाठच्या रिकाम्या रस्त्यानं एकटे, हातात ती चकचकीत. ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतली म्हणून घेतली असणार. येत नाही म्हणायचं राहून गेलं असणार. एक दिवस राहिलं की मग...
बोलले नाही.

रवि. २६
धडा. हे सीट धरून मागे धावतात, भाषण देतात. कुठून शिकले? एवढं बरोबर कसं सांगतात? मला वाटतं दोन वर्षं चालता चालता मनातल्या मनात चालवत असतील.
तीनदा ओठांवर आलं. तिन्ही वेळा टिटवी ओरडली. देवाची इच्छा समजून गप्प.

रवि. २ फेब्रु.
वाडीपर्यंत जाऊन आले, न उतरता. गावाबाहेरच्या माळावर उजवीकडून गोल वळले. पाऊण तास एका फेरीला. येताना पाण्यावर सगळीकडे बगळे. घंटी वाजवली तर एकही उडाला नाही. रस्ता त्यांचाच आहे म्हणा.
"उतरण्याचं काय उद्या?" हे काळजीत.
"दगड असेलच कुठेतरी. महाराष्ट्रात दगडाला काय तोटा?"
रात्री हे झोपलेले नव्हते, मीही नव्हते. दोघंही घोरण्याचा आवाज काढत होतो.

सोम. ३ फेब्रु.
अकराला दहा कमी असताना वाडीत. शाळा मारुतीच्या देवळासमोर. पारावर सेक्रेटरी, पाटील, अर्धं गाव. दगड नाही! झाडून-सारवून लख्ख केलेलं आवार. माझ्यासाठीच केलेलं!
थांबता येईना. देवळाला वळसा घातला. उजवीकडूनच, दुसरं काय येतंय. दुसरा वळसा. कुणी हसेना, उलट पारावरचे एकेक उठून उभे राहायला लागले. तिसऱ्याला दीपमाळ हाताशी आली, तिला मिठी मारली आणि पाय टेकले.
पाटील हात जोडून पुढे आले. "बाई, लई बरं वाटलं. आधीचे मास्तर देवळाकडं बघत सुदिक नव्हते. तुमी तीन परदक्षिणा घालून शाळेत आला."
सेक्रेटरींनी घड्याळ बघितलं. "अकराला पाच कमी. शिस्तही आहे." मी हजेरीवर सही केली. झालं. मी बाई!
मुली नऊ. एकीनं विचारलं, "रोज तीन घालनार?"
म्हटलं, "हो." सुटका नाही आता.
शाळा सुटल्यावर दीपमाळेच्या चौथऱ्यावरून सायकलवर चढले. येताना लांबून दगड दिसला. दगडाजवळ हे उभे. ऑफिसातून थेट आलेले, मला झेलायला. एका हातानं हँडल, दुसऱ्यानं माझा दंड.
"मिळाली?"
"मिळाली."
नाक पुसलं. धूळ गेली म्हणाले. मग, "दे, मी नेतो घरी." आणि चालू लागले. किती सराईतपणे! एक हात हँडलवर, एक सीटवर, चाक इकडचं तिकडे होत नाही.
मी बरोबर चालत राहिले. मग माझ्या तोंडून गेलं, "अहो, क्लिप लावलीय का आज?"
थांबले. विजारीकडे बघितलं. होती. माझ्याकडे बघितलं. हौसाबाईच्या गोठ्याच्या दिशेनं एकदा बघितलं.
"कधी कळलं?"
"समोरून वारा होता तेव्हा."
हसले नाहीत. रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं. बगळ्यांशिवाय कुणी नाही. सायकल वळवली, परत दगडाजवळ आणली. वहाण काढली, दगडावर चढले, पुन्हा घातली.
"पडलो तर?"
"ज्याचं त्यानं पडावं लागतं," मी म्हटलं. "लांब बघा."
आणि दोन्ही हातांनी सीट धरली.