काचेला चिकटलेल्या जनाबाईच्या फोटोबाबत

मी, ताराचंद दसरू सेलोकर, वय ७८, शिक्षण चौथी, राहणार अड्याळ, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळजी फार करतो म्हणून ते बिघडलं असं कोणी म्हणू नये. कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे.

राहतं घर मुलगा कमलेश याला. कोंढा गावची धानाची शेती कमलेश व मुलगी रेणू यांना निम्मी-निम्मी. बँकेतली रक्कम रेणूला. माझं आजारपण तिनं काढलं.

पुढच्या खोलीतला माझी मयत पत्नी जनाबाई हिचा काळा-पांढरा फोटो रेणूच्या मालकीचा, पण तो त्याच खिळ्यावर राहील. भिंतीच्या ओलीनं तो काचेला चिकटला आहे. ओढला तर चेहरा काचेवर राहील. माझे साळे भुपेंद्र यांनी माझ्या वडिलांचा फोटो असाच ओढला. तेव्हापासून आमच्या भिंतीवर नुसता कोट आणि टोपी आहे. भुपेंद्र यांना तेरवीचं जेवण जरूर द्यावं, फ्रेमजवळ बसवू नये.

फोटोत जनाबाई खुर्चीवर हात ठेवून उभी आहे. खुर्ची रिकामी आहे. लग्नानंतर तुमसरच्या स्टुडिओत गेलो, तर मला बाहेरच्या सायकलीचा घोर. ती म्हणाली, "तुमची सायकल कोन नेते जी? बसा ना उगेमुगे!" तरी मी पाहायला उठलो आणि फोटोवाल्यानं बटण दाबलं.

कमलेश म्हणतो, "बाबा, फ्रेम खोलू द्या. कॉम्प्युटरवर तुमाले खुर्चीत बसवून देतो, रंगीत." मोबाइलनं वरूनच काढ म्हटलं, तर म्हणे, "काचेत ट्यूबलाइट दिसते." दिसू दे. मोह मलाही झाला. पण तिचा चेहरा घालवून मला तिच्याजवळ बसायचं नाही.

म्हणून घरातल्या कोणीही फ्रेम उघडली, तर पुढची खोली रेणूची होईल. हातोडी, पक्कड व पेचकस रेणूनं तेरवीपर्यंत न थांबता आधीच घेऊन जावेत. फ्रेम आणि भिंत यांच्यामध्ये लाकडाचे दोन तुकडे ठेवले आहेत, हवा खेळावी म्हणून. ते काढू नयेत. काच ओल्या फडक्यानं पुसू नये.

माझा वेगळा फोटो शेजारी टांगू नये. खुर्ची रिकामीच राहू द्यावी. ती जागा माझी आहे. जनाबाईनं हात ठेवून धरली आहे.

वरील मजकूर दोनदा वाचून, साक्षीदारांसमोर सही केली.

ताराचंद दसरू सेलोकर

साक्षीदार:
१. कुलदीप मोटघरे, शेजारी
२. रत्नमाला निंबार्ते, शिक्षिका

अड्याळ, २ जून २०२५