वाघ्याच्या गुडघ्याचा तुकडा

प्रिय अपेक्षा बाळा, पुंडलिकनगरातून तुझ्या आजीचे लई लई आशीर्वाद.

माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यात हात कापतो, तेव्हा वेडंवाकडं अक्षर सांभाळून घे. फोनवर हे सांगता येत नाय. तुझा फोन आला की आबा उठून गच्चीवर जातात, अन् माझंही तोंड बंद पडतं. चार महिने झाले, ते तुझ्याशी बोललेले नायत. तू दर वेळी विचारतीस, आबांचा राग गेला का? मी म्हणते, जाईल.

तू मुंबईच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजातून धाडलेला फोटो शेजारच्या मेघाच्या मोबाइलवर बघितला. आपल्या वाघ्याच्या गुडघ्यातल्या कूर्चेच्या पेशी! एका ताटलीत व्हिटॅमिन सी घातलेलं, दुसरीत नाय. घातलेल्या ताटलीत काय दाटी झाली गं, मोहरी सांडावी तशी. मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटले. कडूबाई म्हणाली, मेलेल्या कुत्र्याचं काय वाढतंय, गप बस. मी म्हणलं, बाई, कुत्र्याला आपल्यासारखा लिंबू-आवळा लागत नाय, त्याचं अंग घरच्या घरी ते बनवतं. पण तुकडा अंगातून निघाला की त्याला कोण देणार? म्हणून आमची अपेक्षा दर दोन दिवसांनी ताजं घालती, शिळं झालं की त्यातला दम जातो. कडूबाईचं तोंड बघायला पाहिजे होतं तू. तिच्या नातीला अजून कुकर लावता येत नाय.

कुठून कुठं गेले बघ. तर, तो दिवस.

आपण सगळे कन्नडच्या शेतात होतो. वाघ्यानं तीन दिवस पाण्याला तोंड लावलं नव्हतं. आबा कांदा घेऊन लासूर स्टेशनला गेले अन् दुपारी त्यानं मान टाकली. मला रडू आलं नाय. अजून नाय आलं. हात लाकडाचे झाल्यासारखे वाटतात, भाकरी थापते ती दुसरंच कोणी थापतंय असं. तू बर्फाचा डबा संगं आणला होतास, पण तोंडानं मागितलं नाय काहीच. नुसती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलीस. मीच म्हणलं, घे तुकडा. पाय मी धरला. तू टाके घातलेस तेव्हाही मीच धरला होता.

आपल्यात जनावर अख्खं मातीत जातं, मीठ-हळद घालून. आबांनी संध्याकाळी त्याला खड्ड्यात उतरवताना टाके बघितले. म्हणाले, हे कोणी केलं? तू खाली बघितलंस. मी मिठाची पिशवी सोडत राह्यले. आबांनी मनात धरलं की तू शिकायच्या नादात न विचारता कापलं, अन् तू ते अंगावर घेतलंस. माझं नाव नाय घेतलंस, त्या दिवशीही नाय अन् नंतरही नाय.

काल जेवताना मी फोटोचं सांगाया लागले. आबा म्हणाले, कापणारीचं कौतुक पुरे. मी घास खाली ठेवला. म्हणलं, तिनं मागितलं नव्हतं, मी दिलं. पाय मी धरला होता. आबांनी भाकरी संपवली, हात धुतले. मग मेघाला हाक मारून फोटो मागितला, चष्मा लावून लई वेळ बघितला अन् मला विचारलं, यातला आपला वाघ्या कंचा?

मला सांगता आलं नाय, बाळा. चार महिने तुला गुन्हेगार ठेवलं, त्याची माफी मागायला हे पत्र लिहिलं. माझ्यावर रागव, पण आधी आबांच्या नंबरवर फोन कर. त्यांना वाघ्याचं विचारायचंय.

तुझीच,
द्वारका आजी