पहिल्यापासून सुरू करू का?

३ मार्च, सोमवार
आजपासून राग बंद. कायमचा. नवा कीबोर्ड देताना स्टोअरवाल्याने विचारलं की तुम्ही टाइप करता की खिळे ठोकता. मी हसलो. त्याची कॉलर धरली नाही. सुरुवात चांगली आहे.

काम किरकोळ. आमच्या कारखान्यात जुने फ्रिज आणि मोडक्या गाड्या चेपून ठोकळे करतात. लोखंडी हात फ्रिज उचलतो, प्रेसमध्ये आपटतो, प्रेस त्याचा चेंदामेंदा करतो. हात चालवतो माझा प्रोग्रॅम. हल्ली हा हात मध्येच हवेत थिजतो, फ्रिज पंजात तसाच. मग मेहुणा जाळीच्या पिंजऱ्यात शिरून पहारीने फ्रिज सोडवतो. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. मीच चिकटवला त्याला इथे. ही म्हणाली, त्याच्या डोक्यावर काही कोसळायच्या आत दुरुस्त करा. शुक्रवारपर्यंत करतो म्हणालो. खरं तर उद्याच होईल, पण आधी सांगितलं की किंमत राहत नाही.

४ मार्च, मंगळवार
प्रोग्रॅमला डीबगरमध्ये, म्हणजे चुका शोधायच्या सॉफ्टवेअरमध्ये, घातलं. माझ्या टेबलावर त्याची दुसरी प्रत आहे, तिचा हात फक्त पडद्यावर हलतो. 'रन' टाइप केलं की ती चालू लागते. कुठे थांबायचं ते आधी सांगून ठेवलं, तर तिथे थांबवून नाडी तपासता येते. असले लाड मी करत नाही. माझी पद्धत सरळ. रन. थिजला की किल. परत रन. दोन रट्टे बसले की भलेभले सुतासारखे सरळ येतात.

संध्याकाळपर्यंत सरळ आला नाही. कोडगा आहे.

६ मार्च, गुरुवार
प्रोग्रॅम परवडला, डीबगर नको. रन म्हटलं की विचारतो, हा आधीच चालू आहे, पहिल्यापासून सुरू करू का? हो की नाही? किल म्हटलं की विचारतो, खरंच मारू का? अरे मारू का काय विचारतोस, मुडदा पाड त्याचा! दिवसभर हो, हो, हो. लग्नातसुद्धा मला इतक्या वेळा कोणी विचारलं नव्हतं.

चहाचा मग भिंतीवर फुटला. मी फेकला असं नाही. हात झटकला, तेव्हा हातात मग होता.

७ मार्च, शुक्रवार
जालीम उपाय सापडला. एका ओळीच्या सेटिंगने डीबगरचं तोंड बंद करता येतं. मग तो काही विचारत नाही. सांगितलं की करतो. ती ओळ सगळ्या कॉम्प्युटरवर टाकून दिली, खाली प्रेसच्या शेडमधल्यासुद्धा. आता कसं, रन-किल-रन-किल, धपाधप! कामाला वेग आला आहे.

हिला सांगितलं की शुक्रवार म्हणजे पुढचा शुक्रवार.

१० मार्च, सोमवार
साहेब म्हणाले, गुरुवारपर्यंत झालं नाही तर बाहेरची कंपनी आणतो, मग तुमचं इथे काय काम ते तुम्हीच सांगा. मी अतिशय शांतपणे खोलीबाहेर आलो आणि कपाटाला लाथ घातली. कपाटाचं दार निखळलं. माझा अंगठा वांग्याएवढा झाला. कपाट वाटेत ठेवणाऱ्याला शोधून काढणार आहे.

दुपारी मेहुणा डबा घेऊन आला. बाहीवर रक्त. फ्रिजचा पत्रा खांद्याला लागला होता. म्हणाला, काही नाही हो भावोजी, खरचटलंय. त्याला चांगला झापला. मशीनशी खेळताना डोकं थंड ठेवावं लागतं म्हणालो.

११ मार्च, मंगळवार
टेबलावरची प्रत आता थिजायलाच तयार नाही. ढोंगी! म्हणजे शेडमधल्या खऱ्या प्रोग्रॅमचीच मानगूट धरायला हवी. त्याचीही सोय आहे. चालू प्रोग्रॅमला डीबगर 'अटॅच' केला की तो जागच्या जागी गोठतो. बघून झालं की 'डिटॅच' म्हणायचं, तो आपल्या वाटेने जातो. फक्त तेव्हा रन म्हणायचं नाही. रन म्हटलं की डीबगर पकडलेल्याला ठार मारतो आणि नवा सुरू करतो. हे शेंबड्या पोरालाही कळेल.

१२ मार्च, बुधवार, दुपार
शेडमध्ये बसलो होतो. फ्रिज धरून हात थिजला. मी अटॅच केलं. मेहुण्याने पहार खांद्यावर टाकून विचारलं, भावोजी, मेलाय ना हात, जाऊ ना आत? मी मान हलवली. तो आत गेला.

इतके दिवस छळणारा प्रोग्रॅम समोर पडलेला होता. डोक्यात तिडीक गेली. बोटांनी रन टाइप केलं.

कोणी काही विचारलं नाही.

प्रोग्रॅम नव्याने सुरू झाला की पहिल्यांदा हात आपल्या जागेवर परत येतो. पूर्ण जोराने. आला, फ्रिजसकट. पहार जाळी फाडून बाहेर आली. मेहुणा खांबावर आपटला. त्याचा उजवा हात कोपरातून उलटीकडे वळला होता. तो ओरडतसुद्धा नव्हता. मी मशीन बंद करायचं लाल बटण दाबून आत धावलो, त्याला ओढून बाहेर काढलं. माझा शर्ट रक्ताने भिजला.

लाल बटण आत जाणाऱ्याने आधी दाबायचं असतं. तसा नियमच आहे. त्याने दाबलं नव्हतं. हे लिहून ठेवलेलं बरं.

१३ मार्च, गुरुवार
ऑपरेशन झालं. हातात स्टीलच्या पट्ट्या घातल्या. बोटं हलतील की नाही, डॉक्टर नंतर सांगणार. शुद्धीवर आल्यावर मेहुण्याने साहेबांना सांगितलं की बटण दाबायचं मीच विसरलो. हिला म्हणाला की भावोजी आत धावले नसते तर मी गेलोच असतो. ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी सांगणारच होतो. तेवढ्यात नर्स आली.

१५ मार्च, शनिवार
साहेबांना खरं काय ते सांगायला गेलो. नव्याने सुरू झाल्यापासून हात एकदाही अडकलेला नाही. साहेबांनी पाठ थोपटली. बाहेरच्या कंपनीला नको म्हणून कळवलं. मेहुण्याला निष्काळजीपणाबद्दल कामावरून काढताहेत. नातेवाईक म्हणून तुमची हरकत नाही ना, असं मला विचारलं. मी म्हणालो, नियम तो नियम.

बाहेर येऊन भिंतीवर बुक्का मारला. भिंतीला काही झालं नाही.

सोमवारी सांगणार. सकाळी, पहिलं काम तेच.

१६ मार्च, रविवार
मेहुण्याला आमच्याकडे आणलं. ही बाहेर गेली होती, म्हणून मीच भरवलं. जेवता जेवता म्हणाला, साहेब तुमचं ऐकतात भावोजी, माझ्यासाठी एक शब्द टाकाल? टाकतो म्हणालो. त्याने डाव्या हाताने माझा हात दाबला. फार लाज वाटली. पण एक बरं झालं, निश्चय पक्का झाला.

१७ मार्च, सोमवार
साहेब जागेवर होते. मोकळे होते. त्यांनीच विचारलं की काही बोलायचं होतं का. म्हणालो, नाही, सहज आलो होतो.