निळी झाक

रेवदंडा, ता. १४ नोव्हेंबर १९३३

चि. सौ. रतन हिला दादाचे आशीर्वाद.

मुलगा झाल्याचं तुझं कार्ड परवा पोचलं. तुझ्या वहिनीने, केसरने, शेजारी साखर वाटली. आई असती तर बाळंतपण इथेच झालं असतं. रविवारी चौलला दारूबंदीवर तासभर बोललो. मागून एकजण ओरडला, "शिवदासभाऊ, घसा सुकला असंल, थोडी घ्या!" सभा हसली, मीही हसलो.

आमच्या कमळचं हाड मोडल्याचं तुझ्या कानावर असेल. सगळं सांगितलं नव्हतं. महिन्याची असताना बायजा तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालत होती. तेल चोळून हातपाय उलटसुलट ताणले, तशी मांडी मोडली. सगळं घर बायजावर तुटून पडलं. ती रडत म्हणाली, "अर्धा गाव माज्या पायांवर वाढला वो. कुनाचं हाड मोडलं न्हाय." पुढे कमळचा दंड मोडला, तेव्हा बायजा जवळपासही नव्हती. मग लोक केसरकडे बघू लागले.

गेल्या महिन्यात पोरीला मुंबईला नेलं. डॉक्टरांनी हात बघण्याआधी तिच्या पापण्या वर केल्या. डोळ्यांतलं पांढरं निळसर होतं.

"घरात आणखी कोणाचे डोळे असे आहेत?"

"माझेच बघा की," मी हसून म्हटलं.

त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. मग विचारलं, "तुमच्या आईला ऐकू कमी येतं का?"

रतन, त्यांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं, तरी तिचं बहिरेपण ओळखलं!

ही हाडं जन्मतःच ठिसूळ; निळसर डोळे नि कमी ऐकू येणं ही त्याचीच लक्षणं. रक्तातून येतं, प्रत्येक मुलात येतंच असं नाही. औषध नाही. मी पुस्तकं धुंडाळली, त्यांतही नाही.

तू लिहिलंस, 'बाळाचे डोळे थेट दादासारखे.' ते वाक्य मी केसरला वाचून दाखवलं नाही. तान्ह्यांचे डोळे थोडे निळसर असतातच, असंही डॉक्टर म्हणाले. मी त्यालाच धरून बसलोय.

पण बाळाला ताणू देऊ नकोस. हात धरून उचलू नकोस. मानेखाली आणि कमरेखाली तळवे घाल. लंगोट बदलताना पाय ओढू नकोस.

सासूबाई विचारतील, का? खरं सांगितलंस तर म्हणतील, खोट माहेरची. मग तुझं तिथे काय होईल? सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजवणारेही घरी असंच बोलतात. म्हणून सांग, दादाने नवस केलाय: बाळ चालू लागेपर्यंत न्हाऊ घालणारीने त्याला हात लावायचा नाही. डॉक्टरचं ऐकणार नाहीत, गावदेवीचं ऐकतील.

होय, मीच लिहितोय हे. नवस म्हणजे देवाला लाच, असं गावोगाव सांगणारा. बारशाला आगरदांड्याला येतो, सगळ्यांदेखत देवीपुढे नारळ फोडतो. तुझे सासरे म्हणतील, "काय शिवदासराव, देवी भेटली वाटतं?" म्हणू देत.

एवढ्याने न्हाऊ घालतानाची ओढाताण टळेल. पुढे बाळ रांगेल, उभं राहील, पडेल. तिथे मी काय करू?

हे टपालाने न धाडता मासळीवाल्या सोनूबाईच्या हाती देतोय. वाचून चुलीत घाल.

आणि एक. तो नवस नुसता सासरच्यांना सांगण्यापुरता नाही. तुझं कार्ड वाचलं, आणि मी तो खरंच बोलून गेलो.

तुझा दादा,
शिवदास